पहिली पळी

१

घाण्याने आधी प्यायचं, मग गिऱ्हाइकाने. सेतूरावाला हे त्याच्या बापाने सांगितलं, बापाला आजोबाने. तंजावरात मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा वरच्या मुलखातून कुणी तलवार बांधून खाली आलं, कुणी पोथ्या घेऊन आलं. सेतूरावाचे वाडवडील तेल गाळायला आले आणि येताना एवढी रीत घेऊन आले. सकाळी कुलूप काढायचं, पितळेची पळी भरून तिळाचं तेल घ्यायचं आणि घाण्याच्या उखळात सोडायचं. मंत्र नाही, हळदकुंकू नाही. असं का, म्हणून कुणी विचारलं तर सेतूराव म्हणायचा, "तुला उठल्याबरोबर कापी कशाला लागते?" आणि आपल्या कामाला लागायचा.

कुंभकोणमहून नाचियारकोविलकडे निघालं की विड्याच्या पानांचे मळे संपता संपता डाव्या हाताला त्याची लांबलचक शेड लागते, आणि शेडीच्या पाठीला पाठ लावून घर. घाणा बंद पडून बरीच वर्षं झाली. लोकांना पिशवीतलं पांढरंफटक तेल गोड लागायला लागलं, त्याला सेतूराव काय करणार. दगडी उखळ एका हॉटेलवाल्याने शोभेला नेलं. त्यात आता कमळं लावलीत म्हणे. हे ऐकल्यावर सेतूराव कितीतरी दिवस कुणाशी बोलला नव्हता. तसा तो एरवीही बोलून कुणाचं भलं करत नसे.

मग चेन्नईच्या एका कंपनीने शेड भाड्याने घेतली. घाण्याच्या जागी निळी पिंपं आली, पिंपांत हवेच्या नळ्या आल्या. नागपट्टणमच्या खाली एका कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर कुठल्याशा जहाजातलं काळं तेल वाहून आलं होतं. ते तेल खाणारे जिवाणू इथे पिंपांत वाढवायचे, टेम्पोत घालून तिकडे न्यायचे आणि खताच्या पाण्याबरोबर वाळूवर फवारायचे, असा तो उद्योग. सेतूरावाला राखणीला ठेवलं. कुलूप काढायचं, हवेचा पंप बंद पडू द्यायचा नाही, आणि बाकी कशाला हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी त्याने कुलूप काढलं. पळी खुंटीला होतीच. घरच्या खर्चाचा तिळाच्या तेलाचा डबा कोपऱ्यात होताच. उखळ होतं नेमक्या त्या जागी मधलं पिंप उभं होतं. सेतूरावाने विचार असा काही केला नाही. हाताने पळी भरली, झाकण सरकवलं, तेल आत सोडलं. मग तो पंप बघायला गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. आणि मग रोजच.

२

कंपनीकडून दिव्यश्री नावाची पोरगी यायची. तिचे लोकही मूळचे तंजावरचे मराठे, दोन पिढ्यांपूर्वी चेन्नईला गेलेले. सेतूरावाला ती ताता म्हणायची, म्हणजे आजोबा. त्याला मूलबाळ नव्हतं आणि ताता म्हटलेलं आवडतही नसे. पण पोरगी घरातली जुनी मराठी बोलायची, अर्धीअधिक तमिळमध्ये भिजलेली का होईना, म्हणून तो चालवून घ्यायचा.

"हे जिवाणू काही आपण जन्माला घातलेले नव्हेत, ताता," तिने एकदा समजावून सांगितलं. "समुद्रात हे असतातच. तेल दिसलं की खातात. पण नुसत्या तेलावर ते वाढत नाहीत, त्यांना नत्र लागतं, स्फुरद लागतं. वाळूत तेवढं नसतं. म्हणून आपण युरिया देतो, फॉस्फेट देतो."

"म्हणजे भात त्यांच्या पानात आहे, सांबार आपण वाढायचं."

"तसंच समजा."

"आणि भात संपला की?"

"की मरतात. तेल संपलं, हेही संपले. म्हणून तर यात धोका नाही."

सेतूराव नाकातून हसला. "उपाशी मेलेलं तू कुणाला बघितलंयस पोरी? उपाशी असतो तो आधी शेजारच्या घरात शिरतो."

"माणूस शिरतो. यांना घर कुठे ठाऊक? पिंपात आपण काळं तेल घालतो, म्हणून काळं तेल खायला तयार होतात. जे घालू ते शिकतात."

पळी तिच्या डोक्यामागेच खुंटीला लटकत होती. सेतूरावाने एका नळीची गाठ उगाच घट्ट केली आणि म्हणाला, "कापी घेशील?"

ती गेल्यावर त्याने हिशेब मांडला. एवढ्या मोठ्या पिंपात एक पळी म्हणजे दर्यात खसखस. त्यातून मधलं पिंप सगळ्यांत झकास वाढतंय हे तिनेच सांगितलं होतं. त्यातलंच विरजण ती बाकीच्या पिंपांना लावत होती. मग वाईट काय झालं? झालं तर भलंच झालं.

३

शेडीला वास नाही, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

घाणा गेला तरी वास गेला नव्हता. तेल तिथल्या लाकडात, फरशीत, पत्र्याच्या गंजातसुद्धा मुरलेलं. पावसाळ्यात दमट झालं की खांबांना घाम फुटावा तसं ते बाहेर यायचं, आणि खांबाला टेकलेल्या माणसाचा सदरा फुकट जायचा. आता सेतूराव नाक वर करून उभा राहिला तर युरियाचा उग्र वास आला, ओल्या रबराचा आला, तिळाचा नाही. त्याने खांबाला नख लावलं. एरवी नखाखाली काळी गुंडाळी निघायची. आता नख कोरडं राहिलं. खांबावरच्या रेघा दिसत होत्या. लाकूड वखारीतून आज आणल्यासारखं गोरं, अंघोळ करून उभं असल्यासारखं.

फरशीवर मधल्या पिंपापासून एक पट्टा निघाला होता. बाकी फरशी काळी, तो पट्टा तेवढा स्वच्छ, पाऊलभर रुंद. तो सरळ मागच्या दारापर्यंत गेला होता. मागचं दार त्याच्या घरात उघडतं.

सेतूरावाने दारापर्यंत चालून बघितलं. त्याचीच रोजची वाट होती ती. पिंपाशी पाय ओले होणार, ओल्या पायाने माणूस घरात जाणार, तेवढी फरशी धुतली जाणार. ह्यात नवल कसलं. गाढवालाही कळेल.

कोपऱ्यातला डबा मात्र रिकामा होता. सांडल्याची खूण नाही. आत बोट फिरवलं तर नव्या भांड्यासारखा पत्रा लागला. टेम्पो चालवणारा मुरली, त्याच्या बहिणीचा मुलगा, माल भरायला आला तेव्हा सेतूरावाने त्याला दारातच धरला.

"माझं तेल कुठंय?"

"मला काय ठाऊक मामा? मी टेम्पोत डिझेल घालतो, तिळाचं तेल नव्हे."

"तुझ्या डोक्याला चोपडलंयस काय बघू."

मुरलीने टोपी काढून दाखवली. डोक्यावर औषधालाही केस नव्हता. सेतूरावाने विषय सोडला आणि दुकानातून नवी बाटली आणली. ती मात्र शेडीत ठेवली नाही, घरात ठेवली.

४

त्याची बायको नागलक्ष्मी. तिचा डावा हात दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात गेला. वेणी घालता घालता हातातला कंगवा पडला आणि तेव्हापासून हात म्हणजे खांद्याला बांधलेलं ओझं झालं. पाय हळूहळू परत आला. बोलणं तर लगेचच आलं, त्याची सेतूरावाला काळजी नव्हती. हात आला नाही. डॉक्टर म्हणाले, आता यायचा नाही. "हाताला विचारलंत का?" सेतूराव त्यांना म्हणाला, आणि रोज सकाळी शेड उघडून आला की तिला मागच्या पडवीत खुर्चीवर बसवून कोमट तिळेलाने तो हात चोळायला लागला. मनगटापासून कोपरापर्यंत तीन लांब ओढी, कोपराभोवती एक वळसा. पुन्हा तीन, पुन्हा वळसा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप तसा पडत गेला.

"बैल म्हातारा झाला तरी गोल फिरायचं सोडत नाही," ती म्हणायची.

"बैल बसला तर तुझी वेणी कोण घालील?"

"ती काय वेणी आहे? दोरखंड आहे. विहिरीला बांधून टाका."

दोन हातांनी आपली वेणी आपण घालायची, एवढंच तिला हवं होतं. ते ती कधी बोलली नव्हती. सेतूरावाला ते ठाऊक होतं, आणि तोही कधी बोलला नव्हता.

त्या दिवशी तिसऱ्या ओढीला त्याचा तळवा अडला. भांडं घासताना बोट कचकचतं तसा. हात कोरडा होता. त्याने पुन्हा तेल ओतलं. पुन्हा दोन ओढी बऱ्या गेल्या आणि तिसऱ्याला कचकच. बाटली पावपेक्षा खाली आली तरी हातावर तुकतुकी नाही.

"भेसळ," सेतूराव म्हणाला. "त्याच्या सात पिढ्यांनी भेसळ केली असणार." बाटली घेऊन तो खिडकीशी गेला, उजेडात तेल बघितलं, वास घेतला. तेल चांगलं होतं. तो बूच लावायला लागला.

"जरा हळू," मागून नागलक्ष्मी म्हणाली. "कोपराशी दुखतंय."

सेतूराव बूच हातात धरून तसाच उभा राहिला. तो खिडकीशी होता. ती पार पडवीच्या दुसऱ्या टोकाला होती, डोळे मिटून.

"काय म्हणालीस?"

"दुखतंय म्हटलं." तिने डोळे उघडले. आधी हाताकडे बघितलं, मग लांब उभ्या असलेल्या त्याच्याकडे. ती काय विचारणार होती ते तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच विरलं, कारण दुसरंच काहीतरी मोठं तिच्या ध्यानात आलं होतं. "अहो," ती हळूच म्हणाली. "दुखतंय की."

दोन वर्षांनी दुखलं होतं. सेतूरावाने कमरेच्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, सोग्याने नाक पुसलं आणि पुन्हा तेलवाल्याला शिव्या द्यायला लागला.

लांबच्या बसप्रवासातून उतरलं की घरात बसूनही अंग हलत राहतं. तसंच हे, असं त्याने स्वतःला सांगितलं. चोळणं थांबलं तरी हाताला अजून चोळल्यासारखं वाटणार. वाटलं तर वाटू दे.

५

पुढचे दिवस त्या घरात सणासारखे गेले. आधी करंगळी हलली, मग सगळी बोटं. सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारा माणूस होता, त्याने हात वाकवून बघितला आणि म्हणाला, मुंग्या येतात हे चांगलं लक्षण आहे, आजी नशीबवान आहेत. हात थोडा बारीक झालाय, पण तो वापरात नव्हता म्हणून. खायला घाला.

बारीक तर झालाच होता. दोन वर्षं सुजलेल्या मनगटात रुतून बसलेली बांगडी आता हात वर केला की कोपरापर्यंत घरंगळत जायची. नागलक्ष्मी मुद्दाम हात वर करायची. "बघा, सूज उतरली."

आणि एका सकाळी सेतूराव कंगवा घेऊन आला तर तिने तो काढून घेतला. उजव्या हाताने केस तीन ठिकाणी विभागले, डावा हात उचलला. तो हात कापत कापत गेला, मानेमागे पोचला आणि त्याने एक बट धरली. पीळ सैल पडला, वाकडा पडला, पण तिचा तिने घातला. सेतूराव उंबऱ्यावर बसून बघत होता.

"दोरखंड," तो म्हणाला.

"जळा तिकडे," ती म्हणाली. ती रडत होती.

त्याच दुपारी मुरली किनाऱ्यावरून परत आला. रिकामी पिंपं उतरवता उतरवता म्हणाला, "मामा, एकदा बघायला या. वाळू अशी झालीय की तान्हं मूल निजवावं. काळ्याचा ठिपका नाही. खेकड्याचं बीळही नाही म्हणा. पण कोळणी चिडल्यात."

"त्यांना काय झालं?"

"वाळूवर मासे वाळत घातले होते. बाकी सगळे ठीक वाळले, तारली तेवढी वाया गेली. तारली म्हणजे तेलाचा मासा. वरून बघाल तर जशीच्या तशी. खवलं जागेवर, डोळा जागेवर. उचलायला गेलं की चुरा. आत काही नाहीच. कागदाची केल्यासारखी."

सेतूरावाने एका रिकाम्या पिंपात डोकावून बघितलं. मग म्हणाला, "त्या पोरीला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाली ऊन जास्त लागलं असेल."

"आणि बाकीच्या माशांना काय छत्री धरली होती?"

"तुम्ही असे वाकडे कशाला बोलता मामा? मी सांगितलं ते सांगितलं." मुरलीने पिंप गडगडवत आत नेलं. "तारलीच तेवढी, हे मात्र खरं."

६

दुसऱ्या दिवशी सेतूरावाने कुलूप काढलं, पळीला हात लावला नाही. घरी गेला, हात साबणाने धुतले, मग राखेने, मग पुन्हा साबणाने. फरशीवरचा स्वच्छ पट्टा फिनेल ओतून घासला. आधीच स्वच्छ असलेली फरशी घासणाऱ्याला बघणारं कुणी नव्हतं ते बरं.

"तेल संपलं," त्याने नागलक्ष्मीला सांगितलं. "आज चोळायचं नाही."

"बाटली दिसतेय ती काय पाण्याची?"

"भेसळीची. फेकायची आहे."

भांडण होईल असं त्याला वाटलं होतं. तिने नुसती मान डोलावली. "राहू दे मग. दुपारी होतं तेवढं पुरतं."

"दुपारी काय होतं?"

"हात आतून जागा होतोय ना. जेवून इथे बसलं की कुणी चोळत असल्यासारखं होतं. अगदी तुमच्यासारखं, तीन आणि एक." ती हसली. "तुमच्यापेक्षा बरं. बडबड नाही."

सेतूरावाने तिचा हात आपल्या हातात घेतला. कातडी मऊ होती, पण सैल. मोठ्या माणसाचा सदरा पोराने घालावा तशी ती हाडावर बसली होती. चिमटीत धरली तर चिमटीत नुसती कातडीच आली.

"कुठपर्यंत चोळतं?"

"आधी कोपरापर्यंत. आता दंडावर येतं. काल खांद्याच्या खाली आलं होतं." तिने मान उजवीकडे, डावीकडे वळवली. "मानेवर आलं तर बरं होईल. मान फार आखडते माझी."

ती त्या दुपारच्या चोळण्याची वाट बघते आहे, हे सेतूरावाच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्याने गरम पाणी आणलं, शिकेकाई लावून हात खांद्यापासून खाली धुतला. मग एक डोकं चालवलं. उपाशी आहे म्हणून वर सरकतं आहे, असं समजू. मग उपाशी ठेवायचं कशाला? त्याने बाटली उघडली आणि धार धरली. तेल गेलं तर जाऊ दे, पिंपभर आणू. पण तेल गेलं नाही. ते कातडीवर जसंच्या तसं राहिलं, मनगटाच्या कडेने ओघळलं, खुर्चीच्या दांडीवरून खाली टपकलं. जे वर सरकत होतं, त्याला बाटलीतलं तेल आता नको होतं.

सेतूरावाने ते फडक्याने पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

तिला सांगायचं काय? हात हलतोय तो हलू देऊ नकोस? वेणी घालतेस ती घालू नकोस? आणि का, तर मुरलीने सांगितलेली तारलीची गोष्ट. कुणी म्हणेल म्हाताऱ्याला बायकोचं बरं झालेलं बघवत नाही.

७

किनाऱ्याचं काम आटोपलं. दिव्यश्री पिंपं रिकामी करायला आली, प्रत्येकात ब्लीचिंग ओतलं, नळ्या गुंडाळल्या. ती खूश होती. वाळूचे नमुने तपासायला गेले होते आणि इतकी साफ वाळू कुणी बघितलीच नव्हती.

सेतूराव तिच्यासमोर उभा राहिला.

"पोरी, मधल्या पिंपात मी रोज एक पळी तिळाचं तेल घालत होतो."

तिने नळी खाली ठेवली. आधी तिचा चेहरा उतरला, मग तिला हसू आलं. "तरीच ते इतकं छान वाढलं. ताता, मला सांगायचं होतंत. एका पळीने काय होतंय?"

"तूच म्हणालीस, घालू ते शिकतात."

"म्हटलं होतं मी. पण ते असं एका पळीने नव्हे."

"आणि हाताला लागून घरात आलं असेल तर?"

"साबणाने धुवायचं."

"धुतलं. एखाद्याच्या अंगावर बसलं असेल तर?"

"माणसाच्या अंगावर ते टिकत नाहीत, ताता. तिथे त्यांना खायला काय आहे?"

सेतूराव खाली, आपल्या पोटाकडे बघत राहिला. तेल्याच्या घरातलं पोट होतं ते. वेष्टीची गाठ त्याच्याखाली कुठेतरी हरवलेली असायची.

"आजीला बरं नाही का?" दिव्यश्रीने विचारलं.

"बरं आहे," तो म्हणाला. "फार बरं आहे."

दुपारच्या आत टेम्पो भरून गेला. पंप बंद झाल्यावर शेडीत एकदम गप्प झालं. इतके दिवस पिंपांतल्या बुडबुड्यांचा आवाज होता, तो होता हेही त्याला आता कळलं. सगळं संपलं तर मग. पिंपं गेली, मेले ते मेले. सेतूराव त्या गोऱ्या खांबांमध्ये उभा राहून ऐकत होता. कशाचाच आवाज नव्हता.

मग तो मागच्या दाराने घरात गेला.

८

नागलक्ष्मी पडवीत खुर्चीवर झोपली होती. जेवण झालेलं, ऊन जाळीतून तिच्या पायावर आलेलं. डावा हात खुर्चीच्या दांडीवर पसरलेला. रस्त्यावरून नाचियारकोविलची बस गेली, तिची काच खडखडली. सेतूराव दारातच थांबला.

तिच्या मनगटावर कातडीला एक खळगा पडला. अंगठा दाबला की पडतो तसा. खळगा सावकाश वर सरकला, कोपरापर्यंत गेला, नाहीसा झाला. पुन्हा मनगटावर पडला. त्याच्यामागे कातडी सैल पडत जात होती, पाणी ओसरल्यावर चिखल बसतो तशी. तीन वेळा. मग कोपराभोवती एक वळसा. कोपराचं हाड लागतं तिथे दाब हलका झाला. तिथे दाब हलका करायला सेतूरावाला महिने लागले होते.

मग ते कोपराशी थांबलं नाही. दंडावर चढलं, खांद्याशी पदराखाली गेलं, आणि मानेच्या शिरेजवळ बाहेर आलं. नागलक्ष्मीने झोपेतच मान वाकवून जागा करून दिली. तिच्या तोंडावर जे सुख होतं ते सेतूरावाने कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

त्याने आरडाओरड केली नाही. कुणाला मारायचं होतं? त्याने दुसरी खुर्ची उचलली, आवाज न करता तिच्या डाव्या अंगाला लावली आणि बसला. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली. आपला जाडजूड, गुबगुबीत दंड तिच्या वाळलेल्या हाताला लावून ठेवला, कातडीला कातडी.

"तिच्यात काय ठेवलंय?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "चार हाडं आहेत आणि जीभ आहे. इकडे बघ."

काही झालं नाही. मानेवरचा खळगा तिथल्या तिथे फिरत होता. सेतूराव बसून राहिला. समोर दोरीवर तिची साडी वाळत होती. कावळा आला, गेला. सेतूरावाच्या मनात आलं, आपण चुकतोय. म्हातारपणी डोळ्यांना नाही ते दिसतं. उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ.

मग मानेवरचा खळगा बुजला.

नागलक्ष्मीची डावी बोटं उघडली. ती झोपेत होती, तोंड थोडं उघडं, श्वास एकसारखा. हात दांडीवरून उचलला गेला, त्याच्या दंडावर चाचपडला आणि खाली मनगटावर येऊन बसला. अंगठा आत, चार बोटं बाहेर. त्या हाताने चोळायला सुरुवात केली. मनगटापासून कोपरापर्यंत एक लांब ओढ. दुसरी. तिसरी. वळसा.

जोर चांगला होता. आयुष्यभर सेतूरावाने तीळ पिळले, बैल पिळले, गडी पिळले, ही दोन वर्षं तिचा हात चोळला. त्याचा हात कधी कुणी चोळला नव्हता. इतकं बरं वाटतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो मान झुकवून बघत राहिला. बोटं जिथून जात होती तिथली कातडी मागे निस्तेज होत होती, तिच्यावरचे पांढरे केस आडवे पडत होते, आणि दंड उतरत होता. फार नाही. दिसेल न दिसेल एवढा.

हात काढून घेतला तर ते कुठे जाणार, हे उघड होतं. तिच्या मानेवर अजून लाल पट्टा होता.

बोटं थांबली नाहीत. त्यांना पकड होती, ती एकेक वाकत होती, उघडत होती, वेणीचे तीन पेड सहज सांभाळतील इतकी तरबेज. आणि हात गरम होता. दोन वर्षं तो हिवाळ्यातल्या फरशीसारखा गार असायचा. आता तो गरम होता.

सेतूराव खुर्चीत जरा तिरका झाला, म्हणजे तिला झोपेत ताणावं लागू नये. मग त्याने दुसरीही बाही वर सारली.